रेतीखालचा खेकडा

७ नोव्हेंबर, नेर
मिनीचा शंखातला खेकडा डब्यातल्या रेतीत शिरला त्याला महिना होऊन गेला. सकाळी चमच्याने रेती सारखी करताना पाय लागले. नांगी, मिशा, डोळे, सगळं वरच. हालचाल नाही. कापसाच्या गाड्या तिसऱ्या दिवशीही बाजार समितीच्या फाटकाबाहेर. ती बातमी पेपरला दिली आणि लगेच अमरावतीला होस्टेलवर मिनीला फोन. गेला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तुळशीत ठेवजा बाबा. मी आल्यावर..."
कोकणच्या सहलीहून तिनेच आणलेला. अख्खा प्रवास डबा मांडीवर.

८ नोव्हेंबर
गुरांच्या दवाखान्यात बातमीसाठी गेलो. डॉक्टरांजवळ सहज विषय काढला.
"मी बैलाचा डॉक्टर, भाऊ. पण मेला असता त वास सुटला असता. आला का?"
नव्हता आला.
घरी तुळशीतून काढून पाहिलं. पाय पोकळ, कागदासारखे. मिनीची आई सुनंदा म्हणाली, "कात हाय हे. अन् तुम्ही पोरीले मयताची खबर देऊन मोकळे."
घरच्यांना भेटल्याशिवाय मरणाची बातमी कधी दिली नाही. यंदा तशाच बातम्या जास्त. इथे रेतीतला शंख उचलूनसुद्धा पाहिला नाही.

९ नोव्हेंबर
डब्याच्या बुडाला मिनीने कागद चिकटवलेला. आज वाचला. "कात काढू नका. तो ती खातो. अंग कडक होईपर्यंत हात लावू नका."
रेती थोडी बाजूला केली. शंखाच्या तोंडाशी फिकट गुलाबी, ओलं काहीतरी. आत सरकलं. सरकलं असं वाटलं. रेती परत लोटली, कात वर त्याच्याजवळ ठेवली. एका वाटीत खडेमिठाचं पाणी, दुसरीत अंड्याच्या टरफलाची पूड.

११ नोव्हेंबर
सभेसाठी कळंबला. चिंतामणीच्या देवळाबाहेर शंख पाहिले. जुना त्याला आता लहान होणार.
दुकानवाली: "पूजेले पायजे का?"
"राह्याले."
"कोणाले?"
सांगितलं. तिने शेजारणीला हाक मारली, "आवं पाह्य, याईच्या खेकड्याले घर पायजे."
बिनरंगाचा घेतला. सभेची बातमी तेवढी उशिरा गेली.

१३ नोव्हेंबर
कात होती तेवढीच. पूड तशीच.
सु.: "मिनीले सांगून टाका ना आता."
"अन् उद्या खरंच गेला त? दोनदा सांगू?"
तिने पाण्याची वाटी बदलली.

१४ नोव्हेंबर
मिनीचा फोन. उद्या चारच्या गाडीने येते. "डबा फेकला त नाही ना? मले त्याले नीट पुरायचं हाय." नाही फेकला, म्हणालो. एवढंच.

१५ नोव्हेंबर
नवा शंख काल डब्यात पालथा ठेवला होता. आज आडवा आहे, तोंड भिंतीकडे. मी हात लावलेला नाही. सु. म्हणते, तिनेही नाही. कातीची एक नांगी दिसत नाही. रेती उकरून पाहता आली असती, पण कागदावर हात लावू नका असं लिहिलं आहे.
साडेतीन. स्टँडवर निघतो. डबा सोबत घेतला आहे.