मोटर कुणी चालू केली

शेळगाव, ९ जून २०२५

चि. अजितास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनची रिंग वाजली की तुला घाम फुटतो, म्हणून सख्ख्या भावाला बारामतीला पत्र घालायची वेळ आली. पोस्टातल्या माणसाला वाटलं, कोर्टाचं काम आहे.

रविवारी तुला बघून आले तेव्हापासून चैन नाही. निम्मा झालायस. दारू सोडवायला आधी दोन ठिकाणी ठेवलं, तिथं निदान कुणी ह्यांचं नाव काढलं नाही. आत्ताच्या केंद्रातल्या श्रेया मॅडम मात्र हे विहिरीत शॉक लागून गेले तो दिवस तुझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतात म्हणे. तीन वर्षं घरात आम्ही तुझ्यासमोर तो विषय काढला नाही, ते काय उगीच? खपली काढून जखम बरी होते का? मोटर ऑटोवर राहिली, लाईट आल्यावर आपोआप चालू झाली. त्यात तुझा काय दोष? नुसतं हो म्हण, रविवारी जीप घेऊन येते. छकुली मामाची वाट बघतेय.

कळावे. लोभ आहेच, जेवणाची हेळसांड नसावी.

तुझी,
जयवंताअक्का

बारामती, १३ जून २०२५

ति. अक्कास अजितचा शि. सा. न. वि. वि.

जीप आणू नकोस. आणि हे पत्र बसून वाच.

जेवण बरं असतं, आमटी सोडून. खोलीतले गेणबाकाका रात्रभर घोरतात आणि सकाळी मलाच विचारतात, झोप झाली न्हाय व्हय रं. मॅडम म्हणतात, दोन्ही वेळा नुसती दारू काढली, तो दिवस आत तसाच राहिला. म्हणून घरी फोन वाजला की मी गुत्त्यावर. दोन्हींवर एकदमच उपचार हवेत. तलफ आली की वहीत लिहायची आणि तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं सांगायचा. पाच वेळा सांगितला, पाचही वेळा एक गोष्ट गाळली. सहाव्यांदा सांगितली. आता तुला सांगतो.

मोटर ऑटोवर नव्हती. मी तुझ्या ओट्यावर चहा पीत होतो. लाईट आली तसा मीच मोबाईलवरून स्टार्टरच्या नंबरला फोन लावून मोटर चालू केली. दाजी विहिरीत उतरलेत हे मला माहीत नव्हतं. रिंग वाजत होती आणि मी ऐकत होतो.

कळावे. आजवर लोभ होता, पुढचं तुझ्या हाती.

तुझा,
अजित

शेळगाव, १७ जून २०२५

चि. अजितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ह्यांचा मोबाईल उघडला, तर स्टार्टरचा मेसेज: मोटर चालू, आणि खाली तुझा नंबर. मी तो पुसून टाकला. सगळे ऑटो म्हणाले, मीही ऑटो म्हणाले. अक्काचं मन केवढं मोठं, असं तुला वाटेल. कसलं मोठं?

विहिरीकडे जाताना हे स्वयंपाकघराच्या दारात थांबले होते. म्हणाले, खाली उतरतोय, अजितला सांग मोटर लावू नगंस. मी चहा गाळत होते. हो म्हणाले. कप तुझ्या हातात दिला आणि सांगायचं विसरले.

तुला गप्प ठेवलं ते काळजीपोटी, असं मी स्वतःलाही सांगत आले. खरं म्हणजे तू बोललास तर मलाही बोलावं लागेल, ही भीती होती. आणि तुझा रागही आला होता. फोन लावायच्या आधी एक हाक मारता येत नव्हती? लिहिताना पोटभर रडले, मग दोन भाकरी खाल्ल्या.

कळावे. लोभ आहे, रागही आहे. रविवारी दोन्ही घेऊन येते.

तुझी,
अक्का

बारामती, २३ जून २०२५

ति. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी तलफ आली. गेणबाकाका शेजारी बसून राहिले. तासाभरानं गेली. वहीत लिहिली.

काल मॅडमांसमोर तू आधी सांगितलंस, मग मी. तू माझ्यावर ओरडलीस ते पार फाटकापर्यंत ऐकू गेलं. काका म्हणाले, तुजी अक्का लई खमकी हाय. मला वाटलं होतं, तू ओरडलीस की मी संपलो. उलट छाती हलकी झाली. मॅडमांनी दर गुरुवारी तुझीही वेळ ठेवलीय, टाळाटाळ चालणार नाही. माझे अजून सहा आठवडे आहेत.

आज सकाळी दाजी आठवले. विहिरीतले नव्हेत. पत्त्यांत लबाडी करणारे, आणि पकडले गेले की छकुलीचं नाव सांगणारे. तीन वर्षांत पहिल्यांदा ते मला जिवंत आठवले. मी हसलो गं, अक्का.

कळावे. लोभ वाढवावा असं म्हणत नाही, आहे तेवढा पुष्कळ आहे.

तुझा,
अजित