नाल्यातली शीळ

आत्याबाई,

काल दिवेलागणीला नाल्यातून शीळ आली आणि हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "लक्ष कुठी हाये वं तुह्यं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून माझ्या पाठीशी उभा असतो. म्हणून आज कागद घेऊन बसले. धाकट्या लेकाच्या पाटीवर शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, की हिला लिहायला शिकवलं कोणी आणि कशासाठी.

आपण अकोल्याकडची माणसं. नजर जाईल तिथवर काळी जमीन आणि बांधावर एखादी बाभूळ, एवढंच आपलं रान. पण त्या वर्षांत कापसाने सगळ्यांना वेड लावलं होतं. दूर कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा होता, असं लोक सांगत. आपल्याला लढाई कळत नव्हती, भाव कळत होता. तुमच्या चिरंजिवांनी, म्हणजे ह्यांनी, अचलपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जंगल तोडून नवीन वावर केलं. साग पडला, पळस पडला. घरामागच्या नाल्यातला बांबू आणि करवंदाची जाळी तेवढी राहिली, कारण तिथे नांगर चालला नसता. मग भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस गाड्यांत भरून हे अमरावतीला गेले आणि त्या परक्या जागी मागे राहिलो तुम्ही आणि मी. माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं.

हे गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शीळ सुरू झाली. दोन सुरांची, आधी चढणारी, मग उतरणारी, कोणी हळूच हाक मारावी तशी. पहाटे एकदा, दिवे लावताना एकदा, आणि रोज त्याच जाळीतून. तुम्ही पीठ मळताना थांबलात. परातीतला हात तसाच ठेवून मला विचारलंत, "काहून वं, कोन शीळ वाजवून राह्यलं?" मी म्हणाले, "मले काय मालूम, आत्याबाई." तुम्ही म्हणालात, "तुले नाई तं कोनाले मालूम?" मला आधी हसू आलं. तुमचा चेहरा पाहून ते आतल्या आत विरलं.

त्या दिवसापासून मी तुमच्या हाताच्या अंतरावर राहायची. पाण्याला जाताना तुम्ही मागे, शेणी थापताना तुम्ही समोर, आणि मी तुमच्याजवळ बसलेली असताना शीळ आली तरी दोष माझाच. "तुले पाहूनच वाजवते थो," तुम्ही म्हणायचात. घरापासून नाल्यापर्यंतच्या वाटेवर तुम्ही चुलीतली राख पसरलीत आणि केरसुणीने गुळगुळीत केलीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचं पाऊल उमटेल. सकाळी कमरेवर हात ठेवून आपण दोघी त्या राखेवर वाकून उभ्या. माणसाचं पाऊल नाही. छोट्या पायांचे ठसे होते, जोडीजोडीने, उड्या मारत गेल्यासारखे. "कोंबडी असंन," तुम्ही म्हणालात आणि मीही मान हलवली. आपल्या घरी कोंबडी नव्हती, जवळपास दुसरं घर नव्हतं, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. माणूस शोधायला निघालं की माणसाशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

आता तुम्हाला न सांगितलेलं सांगते. संशय काही एकट्या तुम्हालाच येत नव्हता. कापसाचा पैसा घरात आल्यापासून आपल्याकडे येणारी माणसं बदलली होती. मोर्शीकडचे एक सधन पाटील दोनदा येऊन गेले होते आणि त्यांच्या पुतणीचं कौतुक तुमच्यापुढे चालायचं. मी आतून ऐकत होते. तेव्हा मला वाटलं, हा शीळ वाजवणारा तुम्हीच आणून बसवलाय. मला बदनाम करून माहेरी पोचवायचं आणि मग ती पुतणी आणायची. रात्री तुम्ही कूस बदललीत तरी मी कान टवकारायची, की आता ही उठून त्याला भाकरी देऊन येईल. माझ्या मावशीला तिच्या सासरच्यांनी असंच एकदा पोचवलं होतं. न्यायला कोणी आलं नाही. भावाच्या गोठ्यात शेण काढता काढता ती म्हातारी झाली. मला तो गोठा समोर दिसत होता.

आणि मग तुम्ही अमरावतीला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर निरोप दिलात. तुम्ही हळू बोललात, पण त्याने जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मला सगळं कळलं. "ये अन् बायकोले तिच्या बापाच्या घरी नेऊन टाक," एवढाच तो निरोप होता, हे पुढे मला ह्यांनीच सांगितलं.

त्या संध्याकाळी मीच म्हणाले, "चला आत्याबाई, धरूनच आनू त्याले." मला वाटलं, तुम्ही कचराल. तुम्हाला वाटलं असणार, मी ऐनवेळी पळेन. दोघीही हट्टाने निघालो. तुमच्या हातात विळा, माझ्या हातात मुसळ. करवंदाच्या काट्यांत लुगडी अडकवून आपण बसलो आहोत, डास चावताहेत, आणि आपली नजर बांबूंच्या मधून, माणसाचं डोकं जिथे असेल तिथे लागली आहे. शीळ आली ती आपल्या पायापाशी.

खाली वाळक्या पाल्यात एक पाखरू उभं होतं. मुठीएवढं, पाय उंच, शेपूट म्हणजे नुसता तुकडा. पाठ हिरवी, पोट हळद लावल्यासारखं, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा, गळा पांढरा, आणि पंखावर निळ्याचा एक झगमगता ठिपका. ते चोचीने पान उलटायचं, खालचा किडा उचलायचं, दोन उड्या मारायचं आणि तुकड्याएवढी शेपटी खालीवर करायचं. मग त्याने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली, आणि तीच शीळ. मागून दुसरं आलं, हुबेहूब तसंच, चोचीत काडी घेऊन. बांबूच्या बेचक्यात काड्यापानांचा एक गोळा होता, पुरात वाहून आलेला कचरा अडकावा तसा. येता-जाता तो मी कितीदा पाहिला होता. ते घर होतं. ह्या पाखराला नवरंग म्हणतात, उन्हाळा सरताना ते दुरून इथे येतं आणि घरटं करून पिल्लं वाढवून परत जातं, हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी आपल्यापाशी त्याचं नावही नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाखरू दिसलं आणि तुम्ही पाखराकडे पाहिलंच नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. मी हसते का ते पाहत होतात. आणि मीही तुमच्याकडेच पाहत होते, तुमचा डाव फसल्याचं दुःख तोंडावर दिसतं का म्हणून. ते कधी उडालं ते एकीलाही कळलं नाही. मग तुम्ही एवढंच म्हणालात, "शेपूटच नाई वं याले." आणि विळा पदराखाली घेऊन घराकडे चालू लागलात.

हे आले ते रागाने काळेनिळे होऊन. बैल सोडायच्या आधी विचारलं, "कोन हाये थो?" मी चुलीपाशी भिंतीला टेकून उभी. तुम्ही तुळशीला पाणी घालत होतात. वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "कोन कोन? पेरनीले बोलावलं तुले. त्या गाडीवानाले काहीच्या काही ऐकू येते. पुन्हा त्याच्या हाती निरोप देऊ नोको." संपलं. माझा उरलेला जन्म तुम्ही त्या एका खोट्यावर उभा केलात. गाडीवान बिचारा मात्र आपल्या दारातून उठला तो कायमचा.

मला त्या वेळी तुमचे पाय धरावेसे वाटले. पण धरले नाहीत, कारण लगेच मनात आलं, ही मला वाचवते आहे की स्वतःचं हसं व्हायचं वाचवते आहे? हे कोडं मी किती वर्षं उराशी घेऊन बसले. ह्यांनी आणखी कापसासाठी नाला साफ करायचं काढलं, तेव्हा तुम्ही आडव्या आलात. "नाल्याले हात लावाचा नाई." कारण सांगितलं नाहीत. त्या दिवाळीला अचलपूरच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलंत, लाल काठाचं. मला ते पाहताक्षणी नाल्यातलं पाखरू आठवलं आणि वाटलं, टोमणा आहे. घडी मोडली नाही. तुम्ही एकदा विचारलंत, "काहून, आवडलं नाई?" मी म्हणाले, "जपून ठेवलं." पुढे भाव कोसळला, लोकांनी घेतलेली वावरं सोडली, पाटलांचं येणं थांबलं. नाला तसाच राहिला आणि दर वर्षी ती शीळ येत राहिली. ती आली की तुम्ही हात थांबवायचात, पण विचारत काही नव्हतात. आज वाटतं, तुम्हाला लाज वाटत होती आणि ती तुम्ही लुगड्यातून सांगून पाहिलीत. मला ते कळायला हवं होतं. मला तुमचा फार राग होता, आत्याबाई, आणि तुमच्याशिवाय हे घर मला अजून घर वाटत नाही.

काल ती शीळ आली तेव्हा नवी सून माझ्याशेजारी दिवा पुसत बसली होती. धाकट्याची बायको, अकोल्याकडची, जंगल न पाहिलेली. धाकटा कापूस घेऊन बडनेऱ्याला गेलाय, अजून आला नाही. तिने दचकून विचारलं, "आत्याबाई, कोन हाये?" साधं उत्तर होतं. पाखरू आहे, नवरंग, चल दाखवते. ते उत्तर मला माहीत असूनही मी आधी तिचा चेहरा न्याहाळला. तिनेही माझा न्याहाळला, आणि नजर खाली घालून काच पुसत राहिली.

हा कागद कुठे पाठवणार? त्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवते, तिथे कोणी हात घालत नाही. उजाडलं की तिला नाल्यावर नेईन. आणि लिहायला जड जातंय, पण तुमच्यापासून काय लपवायचं: तिला अजून पाखरू सांगितलेलं नाही, आणि पहाटे उठून मी वाटेवर राख पसरून आले आहे.