साहेबाचं ऐकलं नाही

उस्ताद, तुम्ही मेलात तेव्हा मी रडलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचा गैरसमज नको. तसं तुम्हाला वाचता येत नव्हतं. सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करायचात, आणि तोही अशा ऐटीत की लिहायला शिकलेल्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. त्यामुळं हे मी कुणाला लिहितोय, हा प्रश्नच आहे. पण परवा येरमाळ्याला एका लग्नात नवरदेवाच्या मामानं मला तुमची गोष्ट सांगितली. मलाच. जेवणाच्या पंगतीत, बुंदी वाढत वाढत. ती ऐकून घरी आलो तेव्हापासून झोप धड नाही, आणि बायको म्हणते, काय असेल ते एकदाचं लिहून काढा.

बहात्तरच्या दुष्काळात मी येडशीच्या अलीकडं सडकेवर खडी फोडत होतो. अर्धा तालुका फोडत होता. नवंनवं लग्न झालेलं, बायको माझ्याच शेजारी बसून हातोडी मारायची. माझ्याजवळ शिक्षण नव्हतं, रान नव्हतं. कान तेवढे होते. चढापलीकडची गाडी दिसायच्या आधी मी सांगायचो, एसटी आहे का ट्रक, आणि ट्रक असला तर भरलेला का रिकामा. मुकादम चारचौघांत मला विचारायचा, मी बरोबर सांगितलं की आपणच शाबासकी घ्यायचा. एक दिवस तुम्ही चेअरमन साहेबांची जीप घेऊन तिथं थांबलात. साखर कारखाना तेव्हा अजून नुसता फलकावर होता, साहेब गावोगाव फिरून सभासद करत होते. मी तोंडावरचं फडकं न काढता म्हणालो, “उस्ताद, मागचं डावं चाक वाजतंय.” तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. मला वाटलं, माज आहे. मुकादमानं चाकाकडं बोट दाखवलं, तेव्हा तुम्ही पाना काढून बघितलंत. नट ढिले होते. तुम्ही उठलात, हात पुसलेत आणि म्हणालात, “गाडीवर येतो का, किन्नर म्हणून?” किन्नर म्हणजे क्लीनर. गाडी पुसायची, पाणी भरायचं, चाकाला दगड लावायचा. मी हातोडी तिथंच टाकली. बायकोला वाटलं, माझी हुशारी बघून नेलं. मलाही तसंच वाटलं होतं.

तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला दोन-चार दिवसांत कळलं. नळदुर्गाच्या सडकेवर आयुष्यभर ट्रक हाकून तुमचे कान गेले होते. माणूस समोर असला की ओठांवरून तुम्ही सगळं ओळखायचात. मागून बोललं की भिंत. मी विचारलं नाही, तुम्हीच रामलिंगच्या उतारावर गाडी थांबवून मला खाली उतरवलंत. “कळलंय न्हवं तुला? कुणापाशी बोललास तर हितंच दरीत ढकलून दीन. माझी डायवरची शीट गेली की माझं घर तुझ्याशेजारी खडी फोडायला बसंल.” मग मला काम सांगितलंत. मागच्या बाकड्यावर बरोबर तुमच्या पाठीशी बसायचं आणि दोन सीटांच्या फटीतून पाय घालून अंगठा तुमच्या कमरेला लावायचा. मागून हॉर्न आला की एकदा टोचायचं. साहेब काही बोलले की दोनदा. थांबायचं असलं तर दाबून धरायचं. दिवसभर मी माझ्या गुरूला लाथा घालत होतो आणि संध्याकाळी गाडी पुसून झाली की तुम्ही माझ्या कानफटात मारायचात. “पाय लावतो व्हय रं मला, भडव्या?” मी पहिल्यांदा म्हणालो, तुम्हीच सांगितलंय की. दुसरी बसली. मग मी बोलायचं सोडून दिलं. मला तुमचा राग यायचा आणि हसूही यायचं. एवढ्या जोरात मारताना कानाला जपून मारायचात, गालावर. माझे कान तुमच्या उपयोगाचे होते.

गाडी चालवायला मात्र तुम्ही शिकवलंत. शिकवलंत म्हणजे चुकू दिलंत. थंडीत गाडी हँडलनं चालू करायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही बिडी ओढत उभे राहिलात. इंजिननं उलटा झटका दिला, हँडल फिरून आलं आणि अंगठ्याचं हाड मोडलं. मी सडकेवर बसून ओरडत होतो. तुम्ही माझं तोंड बघून ओळखलंत आणि म्हणालात, “आता इसरशील का?” नाही विसरलो. थंडी पडली की तो अंगठा आजही दुखतो. चालू करायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, खाली वाकून बघायचं, कुत्रं-मांजर, पोर, तेलाचा डाग. गिअर हलवून बघायचा. चालू झाली की आधी आरसा, मग एक हॉर्न, मग क्लच. कुणी नसलं तरी हॉर्न. “हलायच्या आधी सांगावं मानसानं. न सांगता हलतंय ते चोर.” घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, एकदा मी न्यूट्रल करून उतरवली तेव्हा खाली आल्यावर तुम्ही मला गाडीमागं पळत यायला लावलंत, येडशी स्टेशनपर्यंत. चालताना टायर फुटला तर ब्रेकला पाय लावायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, गाडी आपोआप दमते. बंद पडली तर मागं लांबवर दगड मांडायचे, डहाळी ठेवायची. आणि जाताना ते दगड उचलायचे. त्यावर तुमचा फार जोर. आपल्याकडं लोक गाडी दुरुस्त झाली की दगड तसेच ठेवून निघून जातात, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्याच्यावर मरतो. “आपला जीव वाचवायला ठिवल्याला दगुड दुसऱ्याचा जीव घेतोय,” म्हणायचात.

तुम्ही चांगले होतात असं मी लिहितोय की काय? मग पाण्याचं लिहितो. रेडिएटरसाठी आपण एक डबा भरून ठेवायचो. त्या उन्हाळ्यात एका फाट्यावर गाडी तापली म्हणून थांबलो. एक म्हातारी रिकामी घागर घेऊन सडकेला बसलेली, तिच्यासोबत तापानं फणफणलेली नात. तिनं डब्याकडं बघितलं आणि ओंजळ पुढं केली. तुम्ही म्हणालात, “गाडीचं पानी हाय ते, मानसाचं न्हाय.” आणि तिच्यासमोर ओतलंत, रेडिएटर भरून वर सांडेपर्यंत. गाडी निघाली तशी ती मागून बोलत राहिली. तुम्ही मला विचारलंत, “काय म्हनली?” तुमच्या घरादाराचं नाव घेऊन तिनं जे म्हटलं होतं ते मला आजही शब्द न् शब्द आठवतं. मी तुमच्याकडं तोंड करून नीट ओठ हलवून म्हणालो, “देव तुमचं भलं करो म्हनली.” तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला पटलं. त्या दिवशी मला माझ्या धंद्याची खरी गोम कळली: तुमच्यापर्यंत जग किती आणि कसं पोहोचवायचं, ते माझ्या हातात होतं.

तुम्हाला ऐकू येत नाही हे साहेबांना कसं कळलं, देव जाणे. मी सांगितलं नाही. तुम्ही मरेपर्यंत मीच सांगितलं असं समजत होतात, आणि मला ते खोडून काढायची गरज वाटली नाही. बहुतेक त्यांनी माझा पाय बघितला असेल. त्या दिवशी आपण नळदुर्गाकडून येत होतो. भर दुपार, धूळ इतकी की सगळ्यांनी तोंडाला पंचे बांधलेले. ओठ कुणाचेच दिसत नव्हते. मागं माझ्यासोबत कारखान्याचे दोन संचालक. साहेब मागं वळून मला म्हणाले, “पाय वर घे. मांडी घालून बस.” मी बसलो. दुसरं काय करणार होतो? मग ते समोर बघत, साध्या आवाजात तुम्हाला म्हणाले, “गाडी थांबव.” तुम्ही चालवत राहिलात. “थांबव म्हणतो ना.” तुम्ही चालवत राहिलात. संचालक पंचाआड खुसखुसायला लागले. तेवढ्यात मागून ट्रक आला. भरलेला, कर्नाटकाकडचा, हॉर्नवर हॉर्न. माझा पाय मांडीखाली वळवळत होता. समोर बैलगाडी आडवी येतेय हे तुम्ही बघितलंत आणि उजवीकडं घेतलंत, ट्रकच्या पुढ्यात. ट्रकनं मागचा कोपरा घासला. आवाज असा झाला की बैल उधळले. टायर फुटला. जीप सडक सोडून खडीवर उतरली, एका बाजूला कलली, आणि तुम्ही ब्रेकला पाय लावला नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलात, दात आवळून, गाडी दमेपर्यंत. नाल्याच्या काठावर थांबली. पाचही माणसं जिवंत.

तुम्ही उतरलात आणि कुणाशी न बोलता कामाला लागलात. पुढच्या चाकांना दगड. मागं सडकेवर दगड, बाभळीची डहाळी. जॅक लावायच्या आधी नट ढिले केलेत. साहेब बाभळीच्या सावलीत उभं राहून पंचानं मान पुसत होते. मान कोरडी झाली तरी पुसतच होते, मी बघितलं. भ्यालेल्या मोठ्या माणसाला हसायला काहीतरी लागतं. ते तुमच्या पाठीला म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.” तुम्ही नट फिरवत होतात. “ऐकतोस का? तुला काढलाय.” एक संचालक म्हणाला, “साहेब, ह्यो लई निष्ठावंत हाय. काढला तरी काम सोडंना.” दुसरा तुमच्या डोक्यामागं टाळ्या वाजवून बघत होता. “बहिरं मरू दे, बेशरम किती हाय बघा.” साहेबांना ते आवडलं. त्यांनी परत म्हटलं, “तुला काढलाय रे.” आणि सगळे पोट धरून हसले. चाक बसवून तुम्ही उठलात, मागं वळलात, आणि हसणारी तोंडं दिसली. तुम्हाला वाटलं, काहीतरी गंमत झाली. जीव वाचला म्हणून लोक हसतायत. तुम्हीही हसलात. सगळे दात दाखवून. तुमचं ते हसणं मी दुसऱ्यांदा कधी बघितलं नाही.

मग साहेब मला म्हणाले, “तुला येते ना गाडी? घे.” मी पुढं झालो आणि तुमच्या हातातून चावी घेतली. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत, मी काहीच बोललो नाही, तरी तुम्ही वाचलंत. मला लाज वाटली असं लिहायला पाहिजे इथं. नाही वाटली. माझी बायको अजून खडीवर होती. तुम्ही माझ्या जागी असता तर हातासकट चावी ओढून घेतली असती. तुम्ही मागं चालत गेलात, सडकेवरचे दगड उचलायला. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, “चल, काढ.” मी गाडीभोवती फेरी मारली. खाली वाकून बघितलं. गिअर हलवला, चालू केली, आरशात बघितलं. आरशात तुम्ही होतात, पाठमोरे, वाकून दगड उचलत. मी हॉर्न दिला. एक दिला, मग पुन्हा दिला. साहेब म्हणाले, “कुणाला वाजवतोस?” मी क्लच सोडला. तुम्हाला गाडी चालू झालेली कळलीच नाही. वळणापर्यंत आरशात दिसत होतात, दगड खाली टाकत होतात, पुन्हा वाकत होतात, गाडी तिथंच उभी आहे असं समजून.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या स्टँडवर हॉटेलात सगळ्या ड्रायव्हरांनी मला घेरलं. “का रं, उस्तादाला का काढलं?” खरं ते सांगायचं होतं. मी चहा बशीत ओतला आणि म्हणालो, “साहेबाचं ऐकलं न्हाय.” एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मग एसटीचा एक ड्रायव्हर म्हणाला, “बाप्पो. त्या मानसाचं ऐकलं न्हाय? छातीचा हाय गडी.” तिथून ती गोष्ट माझी राहिली नाही. कुणी म्हणालं, दुष्काळी कामाचं धान्य चोरून जीपमधून न्यायला तुम्ही नाही म्हणालात. कुणी म्हणालं, चावी तोंडावर फेकलीत. लोक तुम्हाला बसायला घोंगडी टाकायला लागले. हाक मारली आणि वळला नाहीत तरी म्हणायचे, मानी माणूस आहे. गाडी मात्र कुणी दिली नाही. मानी माणसाला नुसती घोंगडी मिळते. तुम्ही शेवटपर्यंत खडी फोडलीत. आणि त्या गोष्टीत चावी उचलणारा चमचा तेवढा मी राहिलो. पुढं माझ्या स्वतःच्या जीपा झाल्या, दोन बस झाल्या, लोक मला शेठ म्हणायला लागले, तरी पाठ फिरली की चमचा. माझे कान चांगले आहेत, उस्ताद. मला ऐकू येतं.

परवा पंगतीत त्या मामानं सगळं रंगवून सांगितलं आणि विचारलं, “शेठ, तुमी तर हुता तिथं. खरं का हे?” मी बुंदी संपवली आणि म्हणालो, “खरं हाय. ऐकलंच न्हाय त्यांनी.” तुमच्यासाठी म्हणालो असं समजू नका. तुमच्या पाठीमागं हसणाऱ्यांत एक आवाज माझाही होता, तो त्या गोष्टीत नाही. म्हणून मला ती गोष्ट बरी वाटते.

हे पाठवायचं कुठं? घडी करून गाडीच्या खणात ठेवतो. आता गाडी ड्रायव्हर चालवतो, तरणा आहे, कान शाबूत आहेत, मी मागं बसतो. नळदुर्गाच्या रस्त्याला लागलं आणि मागून ट्रकनं हॉर्न दिला की माझा पाय आपोआप पुढं जातो. तो विचारतो, “काय पाहिजे का, काका?” मी काही नाही म्हणतो, आणि पाय मागं घेत नाही.