गोदामातला कारकून

इवान्यित्सा, २० एप्रिल १९७८

चि. विदोये यास आईचे आशीर्वाद, आणि कानाखाली दोन.

पोस्टमन मिलोये सकाळीच पेपर नाचवत आला. आत तुझा फोटो! हवाई दलाचा नामांकित चाचणी वैमानिक आता वैमानिक शाळेचा प्रमुख झाला म्हणे. अरे, अठरा वर्षं तू मला गोदामात कारकून आहे म्हणून सांगत होतास! मीही गावभर सांगत फिरले, की माझ्या विदोयेला सर्दीशिवाय कशाची भीती नाही. आणि पेपरवाले लिहितात, नव्या विमानात काय बिघडतं ते तू आधी उडवून बघायचास, आणि एकदा पेटत्या विमानातून हवाई छत्रीने उडी मारलीस. मग एकाहत्तर साली शिडीवरून पडून हाड मोडलंस, ती शिडी किती उंच होती रे?

स्लावाच्या सणाला, आपल्या घराण्याच्या संताच्या दिवशी, ये. जेवायला वाढीन, बोलणार मात्र नाही.

लोभ आहेच, पण आज हातचा राखून ठेवलाय.
रोक्सांदा

९ मे

ती. आईस विदोयेचा शि. सा. न. वि. वि.

शिडी तीन हजार मीटर उंच होती.

सणाला तू खरंच एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा हवेत इंजिन बंद पडलेलं परवडलं. बाबा ट्रॅक्टरखाली गेले, त्यानंतर तू मला विहिरीकडेही फिरकू देत नव्हतीस. तुला खरं काय सांगणार होतो? एकदा खोटं बोललो आणि पुढे तेच सोयीचं झालं.

आता इथली गंमत ऐक. यागोदा नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, एकोणीस वर्षांची, हात अगदी सोन्यासारखा. या महिन्यात ती पहिल्यांदा एकटी उडणार. काल कळलं, की आईला तिने टायपिंगचा क्लास सांगितलाय! मी शाळाप्रमुखाच्या थाटात रागवायला लागलो, आणि मध्येच माझी मलाच लाज वाटली. काय करू?

रुसवा निघाला की दोन ओळी टाक.
तुझा विदोये

१४ मे

चि. विदोये यास आशीर्वाद.

विचारतोस कुणाला! तिला आईला खरं पत्र लिहायला लाव, त्याशिवाय एकटी सोडू नकोस. आईलाही बोलावून घे. ती रडेल, शिव्या घालेल, पोरीला कदाचित घेऊनही जाईल. तो तिचा हक्क आहे. माझ्याकडे तुझी वाईट बातमी आली असती, तर माझा विश्वासच बसला नसता. गोदामात कुणी आकाशातून पडतं का?

मीही येतेय. प्लमचा मुरंबा आणते.
रोक्सांदा

२ जून

चि. विदोये यास आशीर्वाद.

बसने सुखरूप पोचले. मुरंबा तुझ्या शाळेतल्या पोरांनी फस्त केला, बरणी तेवढी परत पाठव.

यागोदाची आई, पेर्साबाई, मुलीला परत न्यायला रिकामी बॅग घेऊनच आली होती, ते तू पाहिलंसच. पण विमान जमिनीवरून सुटलं, तेव्हा तिने माझ्या दंडात रुतवलेली नखं तू पाहिली नसशील. अजून वळ आहेत. पोर उतरली, तुम्ही पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर पाण्याची बादली उपडी केलीत, आणि ही बाई एकदम ओरडायला लागली, की पोरीला सर्दी होईल, आधी टॉवेल आणा! तेव्हाच मी ओळखलं, की आता बॅग रिकामीच परत जाणार.

नंतर तिने मला विचारलं, की तुम्ही अठरा वर्षं हे कसं सोसलंत. मला काही माहीतच नव्हतं, असं मी म्हटलं. तर म्हणते, सुटलात हो तुम्ही. मी तिला सांगितलं, की नाही बाई, मला तुझ्याच जागी उभं राहायचं होतं.

तू पुन्हा एखादं नवं विमान उडवणार असशील, तर दिवस आधी कळव. मी येऊन कुंपणाशी उभी राहीन.

आता सगळा लोभ पाठवतेय, काही राखलेलं नाही.
तुझी आई