नगरसेविकेचे पती

८ ऑक्टोबर २०२५
सोडत निघाली. आमचा प्रभाग — महिला राखीव! तीनदा नगरसेवक, एकदा आमदार, आणि एका चिठ्ठीनं घरी बसवलं. टेकचंदभाऊ, बसा आता गोवऱ्या थापत!

९ ऑक्टोबर
बायकोलाच उभी करतो. नाव धुरपताचं, कारभार माझा. सगळे तेच करतात. तिला सांगितलं तर म्हणाली, "मले काऊन जी? मले का समजते त्यातलं?" म्हटलं, सही येते ना? बस झालं.

२२ डिसेंबर
आली निवडून! गुलाल माझ्याच अंगावर जास्त.

१९ जानेवारी २०२६
नगरपरिषदेची पहिली सभा. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, तर मुख्याधिकारी — पोरीच्या वयाची — म्हणते, "नगरसेविकेचे पती बाहेर बसतील." मी! विधानसभेत भाषण केलेला माणूस! कंत्राटदारांच्या बाकावर बसून राहिलो. चहासुद्धा कोणी विचारला नाही. माजी आमदार म्हणायला काय जीभ झडते का हिची?

२ फेब्रुवारी
पक्षाचे जिल्हाध्यक्ष मुन्नालाल घरी आले. प्रभागातली बोडी, म्हणजे जुना छोटा तलाव, बुजवून दुकानांचे गाळे काढायचे. ठराव येतोय, एक मत कमी पडतंय. "भाभीजी का हाथ उठवा दो भाऊ, विधान परिषद की टिकट आपकी."
ती बोडी आमच्याच, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदलेली. हो म्हणवत नव्हतं. पण म्हटलं. मला पुन्हा आमदार व्हायचंय, अगदी पोटातून व्हायचंय. धुरपताला सांगितलं, ठरावाला हात वर करायचा.

३ फेब्रुवारी
धुरपता दुपारी बोडीच्या बांधावर जाऊन बसली होती म्हणे.

१० फेब्रुवारी
सगळं संपलं.
मी बाहेर बाकावर. आतून धुरपताचा आवाज — आधी बारीक, मग खणखणीत. "ज्यांनी तलाव बांधले, त्यांच्याच नातवंडांनी ते बुजवायचे का?" वाक्य ओळखीचं वाटलं. माझंच! आमदार असताना विधानसभेत इथल्या जुन्या मालगुजारी तलावांवर बोललो होतो. सभागृह अर्धं रिकामं होतं. ही वर गॅलरीत होती, मला वाटलं डुलक्या घेतेय.
तिनं विरोधात मत दिलं. ठराव एका मतानं पडला.
घरी आल्यावर ओरडलो — माझं तिकीट खाल्लंस!
"तुमीच बोलले होते ना जी? का तेव्हा खोटं बोलले?"
ताट ढकलून उठलो. राग आला, फार आला. आणि लाजही वाटली, ती कोणाला सांगू?

१३ फेब्रुवारी
पक्षादेश मोडला म्हणून तिचं पद काढायचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मुन्नालालचा फोन — "भाभीजी बोल दें गलती हो गई, बस. टिकट अब भी आपकी."
तिला सांगितलं. भाजी निवडत होती. "पद जाते तं जाऊ द्या. मी चुकली, असं म्हणत नाई." मी उठून बाहेर आलो.

१४ फेब्रुवारी
मुन्नालालचे तीन फोन. उचलले नाहीत.

९ मार्च
जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी. धुरपता घाबरली होती, सोबत गेलो. दारावर शिपायानं मला अडवलं, "आपण कोण?"
म्हटलं, "नगरसेविकेचे पती."