दारावरचा धोटा

॥ श्री ॥
घाटकोपर, ता. ९ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. वन्संना वनमालाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि कोकमाची पिशवी, दोन्ही पोचलं. पिशवीतून थोडी गळती झाली, म्हणून पत्र लाल झालंय, पण वाचता आलं.

परळची चाळ सोडून इथे आल्याला महिना होत आला. एक खोली आणि स्वयंपाकघर, सगळं मिळून तुमच्या पडवीएवढं. पण दार लावलं की आतलं सगळं आपलं. चाळीत असं कधी नव्हतं. ह्यांना हे बघायला मिळालं नाही, एवढंच मनात येतं आणि मग मी भांडी घासायला घेते.

भिंती मात्र इस्पितळासारख्या कोऱ्या होत्या. अनुपमा पहिल्या बाळंतपणाला येणार. तिला हे माहेर वाटलं पाहिजे ना? वाचनालयातून आणलेल्या एका मासिकात लिहिलं होतं, की लहान घरात सामान कोंबू नये, दोन-तीनच वस्तू मांडाव्यात, पण त्या आपल्या असाव्यात, बाजारच्या नकोत. मला ते पटलं. मग ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची गोधडी शिवली आणि पलंगावर न घालता भिंतीवर टांगली. खिडकीत तुमच्या भोगव्याच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची बरणी ठेवली. आणि स्वयंपाकघराच्या दारावर ह्यांच्या मागावरचा सूत नेणारा धोटा. गिरणीतून शेवटच्या दिवशी आणलेला तोच. दोन्ही टोकांना सुतळी बांधून एका खिळ्यावर टांगलाय, चौकटीला अगदी समांतर. लांबून बघितलं तर होडीसारखा दिसतो.

खिळा ठोकताना भिंतीतून चमचाभर वाळू पडली. सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव म्हणाले, नवी बिल्डिंग आहे, बसायला वेळ घेते. बिल्डिंगने बसावं कशाला, असं मी विचारलं, तर हसले. खालच्या मजल्यावरची पद्मजा माझं घर बघून गेली. दारावर काय गं हे लाकूड, निदान घोड्याचा नाल तरी लावायचास, म्हणाली. तिने स्वतः धबधब्याचं केवढं तरी चित्र लावलंय, सोनेरी चौकटीतलं. माणूस बरी आहे. तळमजल्यावर चंद्रप्रकाशचं सोफासेटचं दुकान आहे. तो दुकान सजवतोय. गोणपाटाच्या पडद्याआड दिवसभर ठोकाठोक चालते.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नका.
तुमची,
वनमाला

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
मुक्काम पोस्ट वालावल, ता. २१ नोव्हेंबर

चि. वनमालाला अनेक आशीर्वाद.

गं. भा. लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून चि.च लिहिते. कोणी हसेल तर हसूदे.

धोट्याचं वाचून मी तुळशीपाशी बसून रडले. इकडे विचारतात काय झालं, तर म्हटलं डोळ्यात धूर गेला. चूल पेटलेलीच नव्हती. सहदेव लहानपणी माझ्या परकराला धरून चालायचा. तो मुंबईला गेला तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरून हाक मारायची नाही म्हणून तोंडात पदर कोंबून उभी होते. आता तो तुझ्या दारावर आहे म्हणतेस, तर रोज त्याच्याशी दोन शब्द बोल गो. वस्तूला कळतं. पण त्याच्याखालून खरकट्या हाताने जाऊ नकोस.

गोधडी भिंतीवर टांगायची ही नवीनच तऱ्हा. थंडी वाजली तर काय भिंतीला पाठ लावून झोपणार? अनुपमाला डिंक पाठवते आहे. तिला जिना जपून चढायला सांग.
तुझी,
द्रौपदीवन्सं

॥ श्री ॥
घाटकोपर, ता. १४ डिसेंबर

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

डिंक मिळाला. आज एक विचित्र गोष्ट लिहायची आहे. पद्मजाला सांगितली तर ती चेष्टा करेल.

धोटा वाकडा होतो. मी चौकटीशी समांतर लावते आणि आठ-दहा दिवसांनी बघावं तर त्याचं खिडकीकडचं टोक खाली गेलेलं दिसतं. सुतळी सैल झाली असेल म्हणून मी ती बदलली. गाठ सरकवून पुन्हा नीट केला. पुन्हा तेच, आणि दर खेपेला त्याच बाजूला. घरात पोर नाही, मांजर नाही, वारा तर नाहीच नाही.

तुम्ही म्हणालात म्हणून मी त्याच्याशी बोलायला लागले होते. आज भाजी काय केली, असलं काहीतरी. आता विचारते, काय हवंय तुम्हाला? खोटं कशाला सांगू, वन्सं, मला भीती कमी आणि बरं जास्त वाटतं. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात दुसरं कोणी आहेसं वाटतंय. पुस्तकं वाचणारी बाई मी, मला हे शोभत नाही, पण लिहिते.

बाकी ठीक. स्वयंपाकघराचं दार जमिनीला घासायला लागलंय. खिडकीची एक झडप बसत नाही. सुताराला बोलावलंय. खालची ठोकाठोक थांबलेली नाही. हल्ली ती पायांत जाणवते.

ह्याचा अर्थ काय तो मोठेपणाने सांगा, आणि वेडी झाली म्हणून लोभ कमी करू नका.
वनमाला

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
वालावल, ता. २८ डिसेंबर

चि. वनमालाला अनेक आशीर्वाद.

वेडी कशाला होशील? तुझं पत्र आलं तशी मी न्हाऊन देवळात गेले. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावले. मी विचारलं, देवा रवळनाथा, माझ्या भावाचा जीव त्या घरात घोटाळतोय का? उजवीकडची कळी पडली, म्हणजे देवाने हो म्हटलं. मग विचारलं, तो लेकीच्या पोटी परत यायचं म्हणतोय का? पुन्हा उजवी कळी पडली, आणि अशी पडली की गुरवाच्या पायापर्यंत आली. देवळातल्या बायकांनी हात जोडले.

तेव्हा नीट ऐक. बाळ इस्पितळातून थेट त्या धोट्याखाली आणायचं. सव्वा महिना त्या छपराबाहेर न्यायचं नाही. तू ते घर सोडून एक रात्रही बाहेर राहायचं नाहीस, नाहीतर तो येऊन दार ठोठावेल आणि आत कोणी नसेल. देवाचा कौल आहे. मोडलास तर माझ्याशी तुझं नातं काय राहिलं ते तूच ठरव.

रागाने नाही गो लिहीत. माझा भाऊ परत येतोय, म्हणून रोज तुळशीत दिवा लावते.
द्रौपदीवन्सं

॥ श्री ॥
मानखुर्द, ता. २५ जानेवारी १९८७

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल. ठेवू नका. आधी पुरतं वाचा, मग काय ती शिक्षा करा.

संक्रांतीनंतर अनुपमा आली. मी धोट्याखाली तिचं अंथरूण घातलं होतं. तुमचा कौल तिला सांगितला तर ती हसली नाही. बाबा येणार असतील तर त्यांना दुधात साखर घालून देईन, म्हणाली. आम्ही दोघी फार सुखात होतो. हे आधी लिहिते, कारण पुढचं मी सुखासुखी केलेलं नाही.

एका दुपारी ती मटार सोलत होती. खाली सांडलेले दाणे आपोआप धोट्याच्या भिंतीकडे घरंगळत गेले. तिने गंमत म्हणून मूठभर टाकले. सगळे त्याच कोपऱ्यात जमले, कोणी बोलावल्यासारखे. अनुपमा हसत होती. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशच्या दुकानाची पूजा होती. प्रसादाला गेले. गोणपाटं काढलेली, आरसे लावलेले, इकडून तिकडे सगळं मोकळं. लोक वा वा करत होते. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग आठवलं. दुकानाच्या मधोमध खांब होता. मी चंद्रप्रकाशला विचारलं, खांब कुठे गेला? तो म्हणाला, काढला ना मावशी, मध्ये यायचा, सगळ्या शोची वाट लागली होती. वर लोखंडी पट्टी टाकली आहे, टेन्शन घेऊ नका. आणि माझ्या हातावर दोन पेढे ठेवले.

मी वर मान करून अंदाज घेतला. खांब होता त्याच्या बरोबर वर पद्मजाची भिंत आणि तिच्यावर माझी धोट्याची. वर जाऊन धोट्यासमोर उभी राहिले. दोन टोकांना बांधून एका खिळ्यावर टांगलेली वस्तू वाकडी कशी होईल? गवंड्याच्या हातातला ओळंबा बघितलेली बाई मी, मला हे आधी सुचायला हवं होतं. सुतळी पुन्हा बरोबर मधोमध आणून धोटा मोकळा सोडला आणि ताटात पाणी घेऊन ते दाराशी धरलं. धोटा पाण्याला समांतर होता. चौकट नव्हती. खिडकीकडचं टोक खाली गेलंच नव्हतं. चौकटच दुसऱ्या, भिंतीच्या बाजूला खाली गेली होती. दर आठवड्याला मी सरळ वस्तू वाकडी करत होते, घर सरळ दिसावं म्हणून.

ते नव्हते, वन्सं. भिंत होती. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

पद्मजाकडे गेले. धबधब्याचं चित्र काढून दाखव म्हटलं. नको नको म्हणत तिने काढलं. मागे चीर, माझी दोन बोटं आत गेली. तिला माहीत होतं. म्हणून तर एवढं मोठं चित्र आणलं, म्हणाली, पाहुण्यांसमोर कसं दिसेल? आणि परत लावून टाकलं. मार्तंडरावांनी तर मलाच झापलं. बाई, असल्या अफवांनी जागेला गिऱ्हाईक मिळणार नाही, तुम्ही कादंबऱ्या कमी वाचा. चंद्रप्रकाश म्हणाला, इंजिनियर आपला दोस्त आहे, त्याने ओके केलंय.

म्हणून मी कौल मोडला. ह्यांच्या गिरणीच्या खात्यातले मधुकरभावजी मानखुर्दला राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही आलोय. भिंतीवर काही नाही. जावयांना राग आलाय, सासूबाईंनी फ्लॅट सोडून लेकीला झोपडपट्टीच्या तोंडाशी नेलं म्हणून. अनुपमा बोलत नाही. तुम्हीही बोलणार नसाल तर मी समजून घेईन. पण ह्यांचा जीव घोटाळत असेल, तर तो लेकीच्या डोक्यावर ती भिंत नको म्हणेल. त्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षं राहिले, तेवढं मला कौलाशिवाय कळतं.

तुमच्या पायांशी,
वनमाला

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
वालावल, ता. ५ फेब्रुवारी

चि. वनमालाला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून फेकलं. दुसऱ्यांदा वाचून जेवले नाही. तिसऱ्यांदा वाचून देवळात गेले.

गुरवाशी भांडले. तो म्हणाला, आयेऽ, देवाक विचारशील त्याचीच उत्तरा देव देतलो. तू भावाचा विचारलंस, भावाचा सांगितलान. भिंतीचा विचारलंस कधी? खरंच गो, मी भिंतीचं विचारलंच नव्हतं. आमच्याकडे जीव घोटाळतो तो माणसाचा. खांब काढून दुकान सजवतात हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

भाऊ परत येतोय म्हणून मी तुळशीत दिवा लावत होते. आता नुसताच लावते. तू केलंस ते बरं केलंस. अनुपमाच्या नवऱ्याला मी वेगळं पत्र घातलंय, असं की तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

तिथे उरलेल्या माणसांचं काय करतेस?
द्रौपदीवन्सं

॥ श्री ॥
मानखुर्द, ता. २२ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कपाळ तुमच्या घराण्याचं आहे, त्यात वाद नाही. अनुपमा आता बोलते, म्हणजे भांडते.

तुम्ही विचारलंत, उरलेल्यांचं काय. त्यासाठी मी दर दोन दिवसांनी घाटकोपरला जाते. पालिकेत अर्ज दिला. एक साहेब आले, भिंतीवर बोटाने टकटक केलं, चंद्रप्रकाशच्या नव्या सोफ्यावर बसून चहा प्यायले आणि गेले. चौथ्या मजल्यावरचं एक कुटुंब गावी गेलं, पण ते जत्रेला. बाकी कोणी हललेलं नाही. पहिल्या मजल्याचा जिना चढताना आता पायाखाली रेती कचकचते. ती रोज कोणीतरी झाडून काढतं.

पद्मजाच्या मुलाचं लग्न येत्या गुरुवारी आहे. घर पाहुण्यांनी भरलंय. गच्चीवर मांडव घातलाय, वर पाण्याची पिंपं चढवली आहेत, आचारी, चुली, सगळं वर. तिने माझ्या खोलीची किल्ली मागितली. तुझी जागा रिकामीच आहे, वीस माणसं झोपतील, म्हणाली. मी नाही म्हटलं. ती दारात उभी राहून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलली. स्वतःला लेक-नात मिळाली, आता दुसऱ्याचं मंगल बघवत नाही हिला. कोणीतरी मागून म्हणालं, विधवा बाईला शुभकार्यात विचारलंस, तूच चुकलीस. मी किल्ली घेऊन खाली उतरले. ज्या माणसाला ओरडून सांगायचंय त्याच्यावरच लोक ओरडतात तेव्हा काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही.

म्हणून काल पुन्हा गेले आणि भिंतीचं नावही काढलं नाही. पेढे घेऊन गेले. नातीचे. चुकलं म्हटलं, डोकं ठिकाणावर नव्हतं. पद्मजाचे डोळे भरले, तिने मला मिठी मारली. मग मी म्हटलं, एवढ्या गर्दीत पोरांची आबाळ होते, चुलीपाशी कोणी भाजलं-बिजलं तर? लग्न होईपर्यंत सगळी लहान मुलं माझ्याकडे मानखुर्दला पाठव. मधुकरभावजींकडे अंगण आहे, खेळतील, मी गोष्टी सांगीन. तिला ते इतकं सोयीचं वाटलं, की तिनेच पाहुण्यांच्या मुलांनाही गोळा केलं. आणि तिच्या सासूबाई, त्यांना जिना झेपत नाही, त्याही.

तेरा मुलं आणि एक म्हातारी आत्ता माझ्या आजूबाजूला बसून पोहे खातायत. एक मुलगी विचारतेय, आपण लग्न बघायला कधी जायचं? मी सांगितलंय, अजून अवकाश आहे. मुहूर्ताच्या दिवशी त्यांना कुठल्या सबबीने अडवायचं, ते अजून सुचलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर पत्र नको, तार करा.

नातीला आशीर्वाद द्या, आणि देवाला विचाराल तेव्हा ह्या वेळी भिंतीचं विचारा.
तुमची,
वनमाला