मयुरीच्या नावापुढची खूण

७ जुलै, सोमवार
शाळा सुटता सुटता सुरेखा आली. सुकटीची पाटी दाराबाहेर ठेवलीन नि आत. तिची मयुरी माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकली, यंदा हायस्कुलात आठवीला गेली.
"बाई, चार दिस झाले, शाळेत जात नाय. पोरं स्पेशल म्हणून चिडवतात."
तिथल्या सरांनी नावं तपासायला वर्गाची यादी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावली. नाव, नंबर, जन्मतारीख. मयुरीच्या ओळीत शेवटी 'अध्ययन अक्षम'.
"कोणी लिवलान ओ असं?"
बघते म्हटलं. कोणी ते मला चांगलं ठाऊक. मीच.

८ जुलै
दुसरीत होती. अक्षरं जुळेनात. तपासणी नाही, डॉक्टरचा कागद नाही. पण असं एक मूल पटावर असलं तर विशेष शिक्षिका पंधरवड्याला येते, नसलं तर फिरकत नाही. सरकारी पोर्टलवर तिच्या नावापुढे केली खूण. ती बाई दोन वर्षं आली नि चौथीत पोर घडाघडा वाचायला लागली. केवढी मिरवले होते मी तेव्हा! खूण काढायचं मात्र डोक्यात आलं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.
पूर्वीची रजिस्टरं बरी. त्यातले आमचे शेरे कपाटात कसर खायची. आता पहिलीपासून कॉलेजापर्यंत एकच नंबर. आमचं लिहिलेलं पोराच्या आधी पुढच्या शाळेत जाऊन बसतं.

१० जुलै
मयुरीचं नाव आता माझ्या लॉगिनमध्ये दिसत नाही. हायस्कुलाच्या क्लार्कना फोन केला. जुनी नोंद आम्ही कशी खोडणार, मूळ शाळेनं लेखी द्यावं, म्हणे.
मग केंद्रप्रमुखांना विचारलं. "मॅडम, कागद नसताना खूण केली असं स्वतःच्या हातानं लिहून देताय? रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय तुमचं. राहू दे, कोण बघतंय."
कोण बघतंय! डोंबल. अख्खा वर्ग बघून बसलाय.
असं बोलले नाही. 'बरं' म्हणून फोन ठेवला. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, ही भीती. लाज वाटते, पण इथे तरी खरं लिहावं.

१३ जुलै, रविवार
सुरेखाकडे गेले. मासेमारी बंद, नवरा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेला. सांगून टाकलं, मीच केलं. शिव्या घालेल असं वाटलं होतं.
"माझी सही व्हती का त्यावर?"
होती. संमतीचा कागद मीच भरून घेतला होता.
"तुमी बोट ठेवलंत तिथं मी सही केली. तुमी होतात म्हणून वाचलं पण नाय."
यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. चहा मात्र दिलान. मयुरी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

१६ जुलै
हायस्कुलाला द्यायचं पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. पहिल्यात 'अनवधानाने' असं लिहिलं होतं. अनवधान कसलं, चांगलं ठरवून केलं. शेवटी सरळ लिहिलं: मुलीला मदत मिळावी म्हणून, तपासणी न करता, सही कशावर ते पालकांना न सांगता, मी. खाली सही.

१९ जुलै, शनिवार
सकाळची शाळा. सुटल्यावर सुरेखाकडे गेले. पत्र देण्याआधी मयुरीला दाखवावं असं वाटलं. तिच्याबद्दलचं सगळं तिला सोडून सगळ्यांनी वाचलंय.
आज बाहेर आली. उभ्यानं, मोठ्यानं वाचलंन, आईला ऐकू जाईल असं. एकदाही अडखळली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही.
"बाई, हे पत्रपण माझ्या नंबराला लावणार?"
"लावतील बहुतेक."
"म्हणजे पुढे कोणीपण उघडलं की आधी काय लिहिलेलं ते कळणारच."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
सुरेखा म्हणाली, "दे गो बाईंना कागद, त्यांना जायचं हाय."
मयुरीनं घडी घातली. "मी विचार करते, मग सांगते."
पत्र तिच्याकडेच ठेवून आले.